डंडी (क्वाझुलू-नाताल)

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांताच्या उत्तर भागातील कोळशाच्या खाणींचे छोटे नगर. पीटर स्मिथ या स्कॉटिश वसाहतकऱ्याच्या पुढाकाराने ते १८८२ मध्ये वसले. नाव स्कॉटलंडमधील डंडीचे. आज मात्र लोक येथे येतात ते आसपासच्या रणभूमी पाहायला.

सर्वांत जुनी रणभूमी पूर्वेकडे न्कोमे नदीकाठी आहे. १६ डिसेंबर १८३८ रोजी आंद्रिएस प्रिटोरियसच्या सुमारे ४७० व्हूरट्रेकरांनी (केप वसाहतीतून आत सरकलेल्या डच वंशाच्या वसाहतकऱ्यांनी) बैलगाड्यांचा कोट रचून झुलू राजा डिंगानेच्या सैन्याला बंदुका आणि तोफांनी थोपवले. सुमारे ३,००० झुलू मारले गेले, व्हूरट्रेकरांपैकी एकही नाही. ही ‘ब्लड रिव्हर’ची लढाई. आता एका काठावर ब्राँझच्या ६४ गाड्या उभ्या आहेत, तर समोरच्या काठावरील संग्रहालय झुलूंची बाजू सांगते.

आग्नेयेला इसांडलवाना. ब्रिटिश-झुलू युद्धात २२ जानेवारी १८७९ रोजी ब्रिटिश सेनापती लॉर्ड चेम्सफर्ड पहाटेच निम्मे सैन्य घेऊन झुलूंच्या शोधात निघाला. मागे राहिलेल्या छावणीवर राजा सेटेश्वायोचे सुमारे २०,००० योद्धे तुटून पडले. ब्रिटिशांच्या बाजूचे १,३०० हून अधिक लोक ठार झाले. त्यांत आफ्रिकी सैनिकही शेकड्यांनी होते, हे ब्रिटिशांच्या सांगण्यात सहसा मागे पडते. त्याच दिवशी दुपारनंतर नदी ओलांडण्याच्या उताराजवळचे रोर्क्स ड्रिफ्ट हे ठाणे सुमारे १५० ब्रिटिश बाजूच्या सैनिकांनी रात्रभर लढून राखले. त्यासाठी ११ व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक) दिले गेले. पराक्रम खराच, पण सकाळच्या नामुष्कीवर पांघरूण घालायला तो सरकारच्या कामीही आला. इसांडलवानाला झुलू योद्ध्यांचे स्मारक उभे राहायला १९९९ साल उजाडले.

ब्रिटिश आणि बोअर (डच वंशाचे वसाहतकरी) यांच्यातील दुसऱ्या बोअर युद्धातील पहिली मोठी लढाई डंडीच्या वेशीवरच झाली. २० ऑक्टोबर १८९९ रोजी पहाटे लुकास मायरच्या बोअरांनी तलाना टेकडीवरून नगरावर तोफा डागल्या. ब्रिटिश पायदळाने चढाई करून टेकडी घेतली खरी. मात्र त्यांच्याच तोफांचे गोळे त्यांच्या सैनिकांवर पडले. शेजारच्या इम्पाती डोंगरावरची बोअर तुकडी धुक्यामुळे लढाईत उतरलीच नाही. ब्रिटिश सेनापती पेन सायमन्स जबर जखमी होऊन तीन दिवसांनी मरण पावला. तोवर ब्रिटिशांनी जखमींना मागे ठेवून लेडीस्मिथची वाट धरली होती. जिंकलेले नगर बोअरांच्या हाती गेले आणि मे १९०० पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. टेकडीच्या पायथ्याशी, स्मिथच्या जुन्या शेतवाडीत, आता तलाना संग्रहालय आहे.

भारतीयांना डंडी आठवावे ते १९१३ च्या संपासाठी. गिरमिट (मजुरीचा करार) संपलेल्या मजुरांवरील ३ पौंडांच्या वार्षिक कराविरुद्ध उत्तर नातालच्या खाणींतील भारतीयांनी काम बंद केले. मजुरांना प्रांताबाहेर जाण्यास चिथावल्याबद्दल गांधींवर ११ नोव्हेंबर रोजी डंडीच्या न्यायालयात खटला चालला आणि नऊ महिन्यांची शिक्षा झाली. संपकऱ्यांसाठी तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारने खाणींची आवारेच डंडी आणि न्यूकॅसल तुरुंगांच्या शाखा ठरवली आणि खाणमालकांची माणसे पहारेकरी नेमली.