जाड प्लास्टिकची पिशवी चालते? नाही चालत!

मंडईत, तुळशीबागेत कुणालाही विचारा, एकच उत्तर येतं, "पातळ पिशवी बंद आहे हो, पन्नास मायक्रॉनपेक्षा जाड असली की चालते." वर्षानुवर्षं हेच फिरतंय आणि छोटा दुकानदार दंड भरतोय, याचं खरंच वाईट वाटतं.

पन्नासचा आकडा आला केंद्राच्या 2016 च्या नियमांतून. नंतर तिथेही तो 75 झाला, मग 31 डिसेंबर 2022 पासून 120. पण आपल्या महाराष्ट्राने 23 मार्च 2018 लाच प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आणली, हँडलची असो की बिनहँडलची, आणि जाडी कितीही असो, त्यामुळे होलसेलवाला "एकशेवीसची आहे, बिनधास्त घ्या" म्हणाला तरी घेऊ नका. दुधाच्या पिशवीला पन्नासच्या वर सूट आहे ना, त्यातून घोळ वाढला असं मला वाटतं. ती सूट दुधाची, भाजीची नाही.

पहिल्यांदा सापडलं तर 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो. पथारीवाल्याचा अख्खा आठवडा जातो की यात! पावती फाडायच्या आधी महापालिकेने गल्लोगल्ली जाऊन हे नीट समजावलं पाहिजे, आणि तोवर शंका असेल तर क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य निरीक्षकांना आधीच विचारून घ्या, माल भरल्यावर नको.