मागून गाडी बसली: स्प्रिंग गेली की शॉकअप?

गाडी मागून बसली की गॅरेजात पहिलं निदान ठरलेलं असतं: "शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) गेलेत." जोडी बदलली जाते, बिल होतं आणि गाडी तशीच बसलेली राहते. राहणारच, कारण गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. खड्ड्यात दाबलेली स्प्रिंग मोकळी होताना वरखाली नाचत राहते, तो नाच शॉकअप आवरतो. म्हणून उंचीची तक्रार असेल तर आधी स्प्रिंग बघा, हेलकाव्यांची असेल तर शॉकअप.

रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे टेप लावा. एक बाजू स्पष्टपणे कमी भरली तर त्या बाजूची स्प्रिंग तुटल्याचा दाट संशय घ्यावा. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर स्प्रिंगा थकल्या आहेत. डिकीत सीएनजीची टाकी कायम वाहणाऱ्या गाड्यांत हे लवकर होतं.

तुटलेली स्प्रिंग मात्र सहज दिसत नाही. ती बहुतेकदा टोकाच्या वेढ्यात तुटते. तिथे रबराच्या बैठकीत चिखल-पाणी साचतं, रंग घासला जातो, गंज आत शिरतो. किनारपट्टीवर खारी हवा त्यात भर घालते. तुकडा छोटा असला तर गाडी जेमतेम झुकते, फक्त गतिरोधकावर "खट्" असा आवाज येतो. टॉर्च घेऊन खालचा वेढा टोकापर्यंत बघा.

शॉकअप गेला की त्याच्या अंगावर तेल ओघळून धूळ चिकटलेली असते. गाडीचा मागचा कोपरा जोरात दाबून सोडला तर एकदा वर येऊन स्थिरावण्याऐवजी ती डुलत राहते. टायर ठिकठिकाणी खोलगट झिजतो. हे दुखणं स्प्रिंगइतकंच गंभीर आहे, कारण खराब रस्त्यावर चाक जमीन सोडतं आणि ब्रेक लांबतो.

बदलण्याच्या कामातही फरक आहे. स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीसारख्या गाड्यांत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात. गाडी उचलून बॉडी स्टँडवर टेकवायची, बीमला, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, जॅक द्यायचा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि ब्रेकचा पाइप ताणू न देता बीम हळूहळू उतरवायचा. मोकळी झालेली स्प्रिंग बहुधा हातानेच निघते. जुन्या इंडिकात स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते. तिथे ती दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागतोच. तो नसताना वरचं नट सोडणं जिवावर बेतू शकतं, त्यामुळे ते घरी करू नका. बोलेरोला मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) आहेत, तो प्रकारच निराळा.

बसलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर घालून गाडी उचलून देणारे भेटतील. तुटलेल्या स्प्रिंगवर हा उपाय मुळीच नाही. स्प्रिंगा जोडीनेच बदला, नाहीतर जुनी बाजू पुन्हा खाली राहते. नवी बसवताना तिचं टोक बैठकीच्या खाचेत नीट टेकवा आणि रबरी बुशातून (सांध्यातल्या रबरी नळीतून) जाणारे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच शेवटचे आवळा. लटकत्या चाकावर आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.