वाइडबँडला नॅरोबँडचा न्याय लावू नका

एक्झॉस्टमध्ये बसणारा नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर गॅरेजमधल्या नव्या पोरालाही पाठ असतो. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन (हवा जास्त) असेल तर ०.१ ते ०.२. गाडी गरम झाली की आकडा या दोन टोकांमध्ये नाचत राहतो आणि नाचला नाही तर सेन्सर गेला असं समजायचं. सिग्नलच्या तारेला मल्टिमीटर लावला की अर्ध्या मिनिटात निकाल. हे सगळं बरोबर आहे. घोळ होतो तो हीच परीक्षा वाइडबँडची, म्हणजे मिश्रणाचं नेमकं प्रमाण सांगणाऱ्या सेन्सरची, घ्यायला गेलं की. चांगले सेन्सर भंगारात जातात आणि बिघाड गाडीतच राहतो.

बाहेरून पाहून फरक ठरवू नका. आटा दोन्हींचा एम १८ × १.५, हीटर दोन्हींत. ‘चार तारा म्हणजे नॅरोबँड, पाच म्हणजे वाइडबँड’ हा तर सगळ्यात चिवट गैरसमज. टोयोटाच्या कित्येक गाड्यांत पुढचा ए/एफ (एअर-फ्युएल) सेन्सर चार तारांचा असतो आणि तो वाइडबँडच्याच जातीचा असतो. त्यात लॅम्डा १ ला, म्हणजे हवा आणि पेट्रोल अगदी नेमक्या प्रमाणात असताना, स्कॅनरवर साधारण ३.३ व्होल्ट दिसतात, लीनला आकडा वर जातो आणि रिचला खाली, म्हणजे नॅरोबँडच्या बरोबर उलट. जुना जेनेरिक स्कॅनर याच व्होल्टेजला पाचने भागून ०.६६ दाखवतो. त्यावरून ‘गाडी रिच चालतेय’ असं निदान करणारे कमी नाहीत.

खरा फरक आत आहे. नॅरोबँड स्वतः व्होल्टेज तयार करतो, त्याला कुणाची मदत लागत नाही. वाइडबँड हे अर्धंच यंत्र आहे, उरलेलं अर्धं कंट्रोलरमध्ये किंवा ईसीयूत (इंजिनच्या संगणकात) असतं. सेन्सरच्या आत एक बारीक कप्पा असतो आणि त्याला दोन सेल लागून असतात. एक नर्न्स्ट सेल, म्हणजे आपला जुना नॅरोबँडच. दुसरा पंप सेल, जो करंट दिल्यावर ऑक्सिजन कप्प्यातून बाहेर काढतो किंवा आत आणतो. कंट्रोलर नर्न्स्ट सेलवर लक्ष ठेवून असतो आणि तिथे ०.४५ व्होल्ट टिकून राहतील एवढा ऑक्सिजन पंप करत राहतो. मिश्रण लीन असेल तर तो बाहेर ओढावा लागतो, करंट धन. रिच असेल तर आत आणावा लागतो, करंट ऋण. लॅम्डा १ ला करंट शून्य. वाइडबँडच्या मीटरवर, म्हणजे गेजवर, दिसणारा आकडा या करंटवरून काढलेला हिशोब असतो.

आता बॉशच्या एलएसयू ४.९ या वाइडबँड सेन्सरमध्ये काळ्या आणि पिवळ्या तारेत मल्टिमीटर लावून पाहा. इंजिन रिच असो वा लीन, ०.४५ व्होल्टच दिसणार. नॅरोबँडची सवय असलेला माणूस म्हणतो, ‘मध्येच अडकलाय, मेला.’ प्रत्यक्षात तो स्थिर आकडा कंट्रोलर आपलं काम नीट करतोय याचा पुरावा आहे. तिथे आकडा नाचायला लागला तरच काळजी करा. पंप करंटची लाल तार तुटली तर याच्या उलट फसगत होते. करंट शून्य, आणि कंट्रोलरला तार तुटल्याचं कळलं नाही तर मीटरवर अगदी सुंदर १४.७, म्हणजे एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे आदर्श प्रमाण. पूर्ण थ्रॉटलला आणि आयडलला एकच आकडा दिसत असेल तर ट्यूनिंगचं कौतुक करू नका, तार तपासा.

याच कारणाने भलते-सलते आकडे दिसायला लागले की सेन्सर सगळ्यात शेवटी बदलायचा. आधी हीटरचा पुरवठा. ४.९ ला सेलचा अंतर्गत रोध ३०० ओहमवर, म्हणजे सुमारे ७८०° से. तापमानावर धरावा लागतो. गाडीचा पंखा किंवा हेडलाइट लागल्याबरोबर आकडा उडी मारत असेल तर कंट्रोलरची बारा व्होल्टची तार कुठून घेतली आहे ते पाहा. स्टिरिओच्या वायरिंगमधून टॅप केलेला पुरवठा मला मान्यच नाही. रिले आणि फ्यूज लावून थेट बॅटरीकडून लाइन घ्या. इंजिन चालू ठेवून कंट्रोलरची अर्थ (अर्थिंगची तार) आणि बॅटरीचं ऋण टोक यांतला फरक मोजा. तो ०.१ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब.

गेज स्थिर आणि ईसीयूच्या लॉगमधला (नोंदीतला) आकडा वेगळा, हासुद्धा अर्थचाच आजार. शून्य ते पाच व्होल्टच्या आउटपुटवर ७.३५ ते २२.३९ अशी पट्टी असेल तर ०.१ व्होल्टच्या चुकीने ०.३ एएफआरचा (हवा-पेट्रोल प्रमाणाचा) फरक पडतो. कंट्रोलरची आणि ईसीयूची अर्थ एकाच जागी आणा.

दुसरा संशयित एक्झॉस्ट. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. मिसफायर झाला की न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही बाहेर पडतात आणि मीटर लीन दाखवतो. तो पाहून पेट्रोल वाढवणारा ट्यूनर प्लग आणखी ओले करतो. आयडलला १६-१७ आणि रेस दिल्यावर आकडा ठीक, असं असेल तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटपासून सेन्सरपर्यंत गळती शोधा. इंजिन थंड असताना टेल पाइपमधून ब्लोअरने हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. आखूड पाइपमध्ये तर गळती नसतानाही आयडलला बाहेरची हवा मागे ओढली जाते.

इंधन बदललं म्हणून मीटर चुकला, ही तक्रारही इ-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून फार ऐकू येते. इ-२० चं आदर्श प्रमाण १३.५ च्या आसपास, पण गेज लॅम्डाला १४.७ ने गुणत असेल तर लॅम्डा १ ला तो १४.७ च दाखवणार. यात बिघाड काहीच नाही. गेज लॅम्डावर ठेवा आणि एएफआर विसरा, असंच माझं मत.

एवढं झाल्यावरच सेन्सरची पाळी. तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएमवरून पाय काढा. ईसीयू पेट्रोल तोडतं, तेव्हा आकडा झटकन पूर्ण लीनकडे जायला हवा आणि पेट्रोल सुरू होताच तितक्याच झटकन परत यायला हवा. रेंगाळला तर सेन्सरवर काजळी, ऑइल, कूलंट किंवा सिलिकॉन सीलंटचा थर बसलाय. मग बदला.

बदलताना जुना कनेक्टर कापून नव्या सेन्सरच्या तारांना जोडू नका. प्रत्येक सेन्सरचा कॅलिब्रेशन रेझिस्टर त्याच्या स्वतःच्या कनेक्टरमध्ये असतो, ४.९ मध्ये ३० ते ३०० ओहमपर्यंत काहीही. दुसऱ्याचा कनेक्टर लावला की आकडा कायमचा तिरका. आणि एलएसयू ४.२ या जुन्या सेन्सरच्या कंट्रोलरला ४.९ जोडू नका. तो ८० ओहमचं लक्ष्य धरून तापवत राहतो आणि सेन्सर जाळतो. टर्बो असेल तर टर्बोच्या नंतरच्या पाइपमध्ये, आडव्या रेषेपासून निदान १०° वर उभा, ४० ते ६० न्यूटन-मीटरला घट्ट करा. कंट्रोलर काढून ठेवलात तर सेन्सरही काढा आणि भोकाला बूच लावा. हीटर बंद असलेला सेन्सर एक्झॉस्टमध्ये काजळी खात बसतो.