विमानाचा दिवा बदलायला मंजुरी कशाला?

गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे आणि आता तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे. धानाच्या बांधीत उभं राहिलं की उतरत्या विमानाचा दिवा दिसतो. आमच्याकडची पोरं विचारतात: घरातले, मोटारीच्या खोलीतले बल्ब आपण केव्हाच एलईडी केले, मग विमानाच्या दिव्यालाच मंजुरी कशाला?

कारण विमान प्रमाणित होतं तेव्हा इंजिनापासून दिव्यापर्यंत त्याचा सगळा नमुना कागदावर पक्का होतो. मग त्यातला दिवा बदलायचा तरी मंजुरी लागते. सेसना १७२ या छोट्या विमानाला अमेरिकेत नमुन्याचं प्रमाणपत्र मिळालं १९५५ साली. अमेरिकी शास्त्रज्ञ निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी केला १९६२ मध्ये, आणि पांढऱ्या एलईडीला लागणारा तेजस्वी निळा तर १९९० च्या दशकात आला. म्हणजे जुने नियम लिहिणाऱ्यांपुढे तारेचा बल्बच होता.

खरी अडचण रंगाची. डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा, शेपटीला पांढरा. पंखावरचा प्रत्येक दिवा ११० अंशांत आणि शेपटीचा १४० अंशांत दिसला पाहिजे. समोरचं विमान येतंय की जातंय, हे वैमानिक रात्री या रंगांवरूनच ओळखतो. तारेच्या बल्बच्या उजेडात लाल भाग भरपूर असतो. पांढरा एलईडी मुळात निळा, वर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाने पिवळसर चमकणाऱ्या पदार्थाचा लेप. त्यात लाल कमी. तो जुन्या लाल काचेमागे बसवला तर दिवा मंद पडू शकतो, हिरव्या काचेमागे निळसर दिसू शकतो. बल्ब नुसता जास्त प्रखर आहे, एवढ्याने काम भागत नाही ते यामुळे.

दुसरी अडचण आपल्या ओळखीची आहे. स्वस्त एलईडी लावला की शेजारचा रेडिओ खरखरतो. दिव्यातलं विजेचं सर्किट फार वेगाने चालू-बंद होत असतं, त्याची ती खरखर. विमानात टॉवरशी बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतं. तिथे एक शब्द ऐकू न येणंही परवडत नाही.

अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने पंख-शेपटीच्या दिव्यांसाठी टीएसओ-सी३० आणि टक्कर टाळणाऱ्या लुकलुकत्या दिव्यांसाठी टीएसओ-सी९६ ही मानकं ठेवली. १९७१ मध्ये या लुकलुकत्या दिव्याची किमान तीव्रता १०० वरून ४०० कॅन्डेला (उजेडाच्या तीव्रतेचं एकक) झाली. उतरताना लावायच्या दिव्याला असं मानकच नाही. म्हणून त्याच्या जागी बसवायचे एलईडी सुटा भाग बनवण्याच्या मंजुरीतून, म्हणजे पीएमएतून, किंवा विमानाच्या मंजूर नमुन्यात बदल करण्याच्या पुरवणी प्रमाणपत्रातून, म्हणजे एसटीसीतून येतात. आणि तेही कागदावर नाव असलेल्या विमानांपुरतेच. भारतात हा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा.

२००९ मध्ये एफएएने एक इशाराही दिला: उंच मनोऱ्यांवरचे काही लाल एलईडी दिवे रात्री पाहण्याच्या चष्म्यातून दिसतच नाहीत. तार तापते म्हणून तिचा अवरक्त, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश चष्म्याला मिळायचा, एलईडीचा मिळेना.

एवढी खटपट तरी का? जीई ४५०९ हा उतरण्याच्या दिव्याचा जुना बल्ब १३ व्होल्ट, १०० वॅटचा, आणि त्याचं ठरलेलं आयुष्य फक्त २५ तास. दिवा टिकावा म्हणून वैमानिक तो जपून लावत. दुसरीकडे एफएएचाच सल्ला असा की विमानतळाच्या आसपास तो दिवसाही चालू ठेवा, म्हणजे इतर वैमानिकांना आणि पक्ष्यांनाही विमान लवकर दिसेल. मंजूर एलईडी बसवला की उड्डाणापासून उतरेपर्यंत तो बंद करायची गरजच उरत नाही.