आयरिश म्हणींच्या मागे उभी असलेली गुरं

'आरोग्य संपत्तीहून बरं' ही आयरिश म्हण इंग्रजीतून कपांवर, टॉवेलांवर छापलेली सर्रास दिसते. मूळ आयरिशमध्ये संपत्तीच्या जागी जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ गुरांचे कळप. जुन्या आयर्लंडमध्ये दंड आणि देणी दुभत्या गाईंच्या हिशेबात ठरत, त्यामुळे भाषांतर चुकलं असं नाही म्हणता येणार. गोठा मात्र गेला. आपण 'गोधन' म्हणतो, तेव्हा तो शिल्लक असतो.

आयरिशमध्ये म्हणीला 'शॅनोकल' म्हणतात, म्हणजे जुना शब्द. तो किती जुना, हे नवव्या शतकातल्या 'आयर्लंडची त्रिके' या संग्रहावरून कळतं. कायदा, शिष्टाचार, शेती, सगळं त्यात तीन-तीनच्या गटांत बांधलेलं आहे. जगाला उत्तम आधार देणाऱ्या तीन बारीक गोष्टी कोणत्या? आचळातून चरवीत पडणारी दुधाची धार, जमिनीवरचं कोवळं हिरवं पातं, आणि कसबी बाईच्या हातावरचा धागा. इथेही पहिला मान गाईचाच! कूनो मायर या जर्मन अभ्यासकाने 1906 मध्ये हा संग्रह इंग्रजी भाषांतरासह छापला.

त्याआधीच बोलणाऱ्यांची भाषा बदलू लागली होती. 1831 पासून सुरू झालेल्या सरकारी शाळा इंग्रजीतून शिकवत. पुढे 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सर्वाधिक होरपळला तो पश्चिमेकडचा गरीब, आयरिश बोलणारा शेतकरी. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, जवळपास तेवढीच देशाबाहेर गेली. 1851 च्या जनगणनेत आयरिश बोलणारे चौथ्या हिश्श्याहूनही कमी भरले.

बेलफास्टमधला ओतशाळेचा मालक रॉबर्ट मॅकॲडम याने 1858 पासून अल्स्टर प्रांतातल्या सहाशे म्हणी इंग्रजी अर्थासह छापायला घेतल्या. अर्थ देताना इंग्रजीची कुठे पंचाईत होते, ते एका प्रसिद्ध म्हणीत दिसतं. माणसं एकमेकांच्या 'स्कॉ'मध्ये जगतात, असं ती सांगते. या शब्दात छाया आणि आसरा दोन्ही आहेत. इंग्रजीला त्यातलं एक निवडावं लागतं. मराठीत नुसतं 'सावली' म्हटलं की भागतं. (दूरचे डोंगर हिरवे, ही म्हण तर आपल्याला समजावूनही सांगायला नको.)

सर्वांत मोठी वेचणी पोरांनी केली. 1935 मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकविद्या आयोगाने 1937 ते 1939 या काळात 26 परगण्यांतल्या सुमारे 5,000 प्राथमिक शाळांना कामाला लावलं. पन्नास हजारांहून अधिक मुलांनी आईवडील, आजीआजोबा, शेजारीपाजारी यांच्याकडून गोष्टी, घरगुती औषधं, हवामानाचे ठोकताळे, म्हणी उतरवून आणल्या. त्या वह्या आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आहेत. त्यांतला बहुतेक मजकूर इंग्रजीत आहे. बऱ्याच घरांत भाषा तोवर बदलून गेली होती.