रांग (डेटा स्ट्रक्चर)

रांग किंवा क्यू ही डेटा साठवण्याची अशी रचना आहे, की तिच्यात आधी आलेला घटक आधी बाहेर पडतो. नवा घटक मागच्या टोकाला जोडण्याला एन्क्यू आणि पुढच्या टोकाचा घटक काढण्याला डीक्यू म्हणतात. डीक्यू ही क्रिया आणि दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी ‘डेक’ ही रचना यांचे इंग्रजी स्पेलिंग जवळजवळ सारखे असल्याने नवशिक्यांची गफलत होते. प्रायॉरिटी क्यूच्या नावात क्यू असला तरी तिथे घटक येण्याच्या नव्हे, तर प्राधान्याच्या क्रमाने निघतात.

सर्वांत आधी सुचते ती मांडणी साध्या ॲरेची, म्हणजे ओळीने क्रमांक दिलेल्या घरांची: पहिला घटक काढायचा आणि उरलेले सगळे एकेक घर पुढे सरकवायचे. दहा-वीस घटकांना हे खपून जाते. एक लाख घटकांची रांग अशा रीतीने रिकामी करताना मात्र सुमारे ५०० कोटी वेळा घटक सरकवावे लागतात. पायथॉनमध्ये लिस्टवर पॉप(०) वापरणे म्हणजे हेच. त्यासाठी कलेक्शन्स मॉड्यूलमधला डेक वापरावा.

सरकवणे टाळायचे तर घटक जागीच ठेवून ‘पुढे’ आणि ‘मागे’ हे दोन निर्देशांक हलवतात. निर्देशांक ॲरेच्या शेवटी पोचला की पुन्हा शून्यावर येतो: मागे = (मागे + १) % क्षमता (% म्हणजे भागाकाराची बाकी). ही वर्तुळाकार रांग. समजा क्षमता ५ आहे, घरे ० ते ४ आहेत आणि ‘मागे’ हा पुढच्या रिकाम्या घराचा क्रमांक आहे. चार घटक घातले आणि तीन काढले, तर पुढे = ३, मागे = ४. पाचवा घटक घर ४ मध्ये बसतो आणि ‘मागे’ ० होतो. आणखी तीन घातले की ‘मागे’ ३ वर येतो, म्हणजे ‘पुढे’च्या बरोबर. खरी अडचण इथे येते, कारण रांग रिकामी असतानाही हे दोन्ही निर्देशांक समानच असतात.

यावर एक उपाय म्हणजे घटकांची संख्या वेगळ्या चलात ठेवणे. वाचायला हाच सर्वांत सोपा. दुसरा, एक घर कायम मोकळे सोडणे; मग (मागे + १) % क्षमता = पुढे झाले की रांग भरली असे धरतात, आणि पाच घरांत चारच घटक मावतात. तिसऱ्यात क्षमता २ च्या घातात, उदाहरणार्थ ८, ठेवतात. दोन्ही निर्देशांक चिन्हरहित पूर्णांक म्हणून नुसते वाढू देतात आणि घर शोधताना ७ शी बिटवाइज अँड (दोन्ही संख्यांत १ असलेले बिटच ठेवणारी क्रिया) करतात; त्याने ८ ने भागल्यावरची बाकी मिळते. दोघांतली वजाबाकी हीच घटकांची संख्या.

भरलेली रांग मोठी करताना जुना ॲरे जसाच्या तसा नव्यात उतरवला तर क्रम बिघडतो. ‘पुढे’पासून वर्तुळ फिरून एकेक घटक नव्या ॲरेच्या शून्याव्या घरापासून मांडावा आणि दोन्ही निर्देशांक नव्याने लावावेत. निर्देशांक मागे नेतानाही जपावे लागते: सी आणि जावामध्ये −१ % ५ चे उत्तर −१ येते, पायथॉनमध्ये ४. म्हणून आधी क्षमता मिळवून मग बाकी काढणे सुरक्षित. जावात काढलेल्या घटकाच्या घरात नल (‘काहीच नाही’ दाखवणारे मूल्य) ठेवला नाही, तर ते घर पुन्हा वापरले जाईपर्यंत गार्बेज कलेक्टरला (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेला) तो ऑब्जेक्ट सोडवता येत नाही.

लिंक्ड लिस्टवर (प्रत्येक नोड घटकासोबत पुढच्या नोडचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, ठेवतो अशा साखळीवर) रांग उभारली की क्षमतेचा प्रश्न मिटतो, पण प्रत्येक नोडमागे पॉइंटरची जादा मेमरी लागते. तिथली नेहमीची चूक म्हणजे शेवटचा नोड काढल्यावर फक्त ‘पुढे’ नल करणे. ‘मागे’ तसाच जुन्या नोडकडे बोट दाखवत राहतो आणि पुढचा एन्क्यू त्या सुट्या नोडला जोडला जाऊन हरवतो.

रिकाम्या रांगेतून काढायला गेल्यास काय होते, हे भाषेगणिक वेगळे. जावाच्या क्यूमध्ये पोल नल देतो, तर रिमूव्ह एक्सेप्शन टाकतो. सी++ मध्ये पॉप काहीच परत देत नाही. आधी फ्रंटने घटक वाचावा लागतो, आणि रांग रिकामी असताना फ्रंट किंवा पॉप करणे हे अनिश्चित वर्तन ठरते.

ग्राफवरच्या (दुव्यांनी जोडलेल्या नोडच्या जाळ्यावरच्या) ब्रेड्थ-फर्स्ट, म्हणजे जवळचे नोड आधी पाहणाऱ्या, शोधाचा कणा रांगच असते. तिथे नोडवर ‘पाहिला’ अशी खूण रांगेत घालतानाच करावी. काढताना केली तर तोच नोड वेगवेगळ्या शेजाऱ्यांमार्फत अनेकदा रांगेत शिरतो. अनेक थ्रेड (प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे प्रवाह) एकच रांग वापरत असतील तर सहसा लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप, लागतो. शिवाय ‘रांग रिकामी आहे, थांब’ ही तपासणी इफने नव्हे, व्हाइलने करावी. थ्रेड जागा होऊन लॉक मिळवेपर्यंत दुसऱ्याने तो घटक नेलेला असू शकतो, आणि काही वेळा थ्रेड जागे होण्याचा संकेत नसतानाही जागा होतो.