हस्तनियंत्रक, दुर्बिणीचा

संगणकीकृत (गो-टू) दुर्बिणीला वेटोळ्या वायरीने जोडलेला, हातात मावणारा कळफलक व त्यावरील छोटा पडदा. ठिकाण, वेळ आणि एक-दोन ओळखीचे तारे यातून दुर्बिणीला सांगायचे. मग यादीतून निवडलेल्या ताऱ्याकडे, ग्रहाकडे किंवा तारकागुच्छाकडे ती मोटारींच्या साहाय्याने आपोआप वळते आणि त्याचा माग धरते. हौशी निरीक्षक त्याला ‘हँडसेट’, ‘कंट्रोलर’ किंवा सरळ ‘रिमोट’ म्हणतात. यातला शेवटचा शब्द फसवा आहे. टीव्हीचा रिमोट नुसता हुकूम सोडतो. येथे मात्र सहसा ताऱ्यांच्या याद्या आणि बहुतेक गणित हँडसेटच्या पोटातच असते. दुर्बिणीच्या बैठकीतील इलेक्ट्रॉनिक भाग फक्त मोटारी फिरवतो.

पूर्वपीठिका : मोठ्या वेधशाळांत संगणक आधी आला आणि हौशी दुर्बिणींत नंतर, एवढ्यावर दुमत नाही. ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथील ३·९ मी. आरशाची अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बीण (१९७४) ही संगणकाच्या हवाली केलेल्या पहिल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक होय. कॉकेशस पर्वतातील ६ मी. सोव्हिएत दुर्बीण त्यानंतर एक-दोन वर्षांत कामाला लागली. ती दिगंश-उन्नतांश (आडव्या आणि वरखाली दिशेने फिरणाऱ्या) बैठकीवर उभी आहे, आणि एवढ्या आकाराला ती बैठक संगणकाशिवाय पेलली नसती. विषुववृत्तीय बैठकीत पृथ्वीच्या अक्षाला समांतर असा एकच अक्ष एकसारख्या गतीने फिरवला की तारा नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) थांबतो. दिगंश-उन्नतांश बैठकीत दोन्ही अक्षांची गती क्षणोक्षणी बदलावी लागते. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेची गिरवली येथील २ मी. दुर्बीण याच जातीची.

हौशी दुर्बिणींत पहिला मान कोणाचा, याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. जपानच्या व्हिक्सन कंपनीचा ‘स्कायसेन्सर’ १९८४च्या सुमाराचा मानतात, अमेरिकी लेखनात बहुधा सेलेस्ट्रॉनच्या ‘कॉम्प्युस्टार’ला (सु. १९८७) अग्रक्रम मिळतो. वादाचे मूळ व्याख्येत आहे. वेगळा विकत घेऊन बैठकीला जोडायचा नियंत्रक धरायचा, की नळी, बैठक आणि संगणक एकत्र विकलेली दुर्बीण? पहिली व्याख्या घेतली तर जपानकडे झुकावे लागते आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते; कारण आजही हँडसेट हा स्वतंत्र अवयवच आहे, बिघडला तर तेवढाच बदलता येतो. प्रसाराच्या दृष्टीने मात्र दोन्हींपेक्षा मीडचा एलएक्स-२०० (१९९२) आणि त्याच कंपनीच्या छोट्या ईटीएक्स दुर्बिणींबरोबर १९९९मध्ये आलेला ‘ऑटोस्टार’ महत्त्वाचे ठरले. पुढे दुर्बीण समपातळीत, उत्तरेकडे तोंड करून ठेवण्याच्या सुरुवातीच्या कृतीवरूनसुद्धा अमेरिकेत मीड आणि सेलेस्ट्रॉन या दोन कंपन्यांत पेटंटचा दावा लढला गेला.

यंत्रांच्या या श्रेयवादात गणिताचा वाटा झाकला जातो. तोशिमी ताकी यांनी १९८९मध्ये अमेरिकेतील एका खगोल मासिकात सारणींची (मॅट्रिक्सची) पद्धत मांडली. दोन ताऱ्यांचे विषुवांश-क्रांती (आकाशातील रेखांश-अक्षांशासारखे आकडे) ठाऊक असतील आणि दुर्बीण त्यांच्यावर रोखल्यावर दोन्ही अक्षांचे कोन मोजता आले, तर त्या दोन दिशांना लंब अशी तिसरी दिशा काढता येते. तीन दिशा हाती आल्या की आकाशाच्या चौकटीतून बैठकीच्या चौकटीत जाण्याचे रूपांतर पक्के होते. बैठक थोडी तिरकी असली, उत्तर चुकली, तरी तत्त्वतः बिघडत नाही. मेनूतील ‘टू-स्टार अलाइन’ या पर्यायामागे हेच तत्त्व आहे.

मेनूची रचना : कळा थोड्या आणि अर्थ पुष्कळ, अशी सगळी मांडणी आहे. मेनू जुन्या वाड्यासारखा समजावा. ओसरीतून माजघरात, माजघरातून कोठीत असे आत जात राहायचे. ‘एंटर’ ही आत जाण्याची कळ. मागे यायचे तर सेलेस्ट्रॉनच्या जुन्या नेक्सस्टारवर ‘अनडू’, मीडच्या ऑटोस्टारवर ‘मोड’, स्काय-वॉचर कंपनीच्या सिनस्कॅनवर ‘एस्केप’. वाट चुकली तर ही कळ पुनःपुन्हा दाबली की माणूस ओसरीवर येतो. बहुतेक जुन्या हँडसेटच्या पडद्यावर दोन ओळी असतात, ओळीत सोळा अक्षरे. त्यामुळे लांब सूचना सरकत जाते आणि निम्मी वाचून होण्याआधी नवशिका कळ दाबतो. ऑटोस्टारमध्ये ‘ऑब्जेक्ट’, ‘इव्हेंट’, ‘गायडेड टूर’, ‘ग्लॉसरी’, ‘युटिलिटीज’ आणि ‘सेटअप’ असे सहा मुख्य कप्पे आहेत. रोजच्या वापरात पहिला आणि शेवटचा सोडून बाकीचे फारसे उघडले जात नाहीत.

बाणांच्या कळांचा वेग अंकांनी ठरतो. १ म्हणजे सर्वांत मंद, ९ म्हणजे सर्वांत जलद. वेग १ वर राहून गेला असेल तर बाण दाबूनही दुर्बीण हलल्याचे दिसत नाही. मोटार जळाली, ही गच्चीवरची हाकाटी बहुधा येथूनच उठते.

सोलापूरची उत्तरे : मेनू पहिल्याच दमात जे प्रश्न विचारतो, ते विचारणाराच्या देशातील सवयींनी घडलेले आहेत. उदाहरण सोलापूरचे घेऊ. ते सुमारे १७°४०′ उत्तर अक्षांशावर आणि ७५°५५′ पूर्व रेखांशावर आहे. शहरांच्या यादीत नाव सापडले नाही तर जवळचे मोठे शहर निवडण्याचा मोह होतो. पण मुंबई निवडली तर रेखांशात तीन अंशांची, म्हणजे बारा मिनिटांची, आणि अक्षांशात सुमारे १·४ अंशांची चूक पदरी पडते. आकडे हाताने भरणेच बरे. तेथेही पूर्व-पश्चिम जपून निवडावे. घाईत पश्चिम राहिले, तर सोलापूर जमैकाच्या आग्नेयेला कॅरिबियन समुद्रात जाऊन पडते! अक्षांश जवळपास तोच असल्याने चूक लवकर ध्यानात येत नाही, आणि यंत्र क्षितिजाखालचे तारे सुचवू लागते. जुन्या एलएक्स-२००मध्ये तर रेखांश ग्रिनिचपासून पश्चिमेकडे ०° ते ३६०° असा मोजलेला आहे. त्या हिशेबाने सोलापूरचा आकडा २८४°०५′ येतो.

तारीख बऱ्याच यंत्रांत आधी महिना, मग दिवस अशी लिहावी लागते. ५ फेब्रुवारी आपल्या सवयीने ०५/०२ अशी भरली की यंत्र २ मे धरून चालते. नाक्षत्र काल (ताऱ्यांच्या स्थितीवरून मोजलेली वेळ) सुमारे साडेपाच तासांनी पुढे सरकतो आणि संध्याकाळी पावणेआठला पडद्यावर स्वाती, चित्रा झळकतात, ज्या तेव्हा उगवलेल्याही नसतात. तेरा तारखेपासून पुढे यंत्र स्वतःच हरकत घेते, कारण तेरावा महिना नाही. म्हणून ही चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांचीच.

‘डेलाइट सेव्हिंग’ला (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याच्या प्रथेला) आपल्याकडे नेहमीच ‘नाही’. खरी अडचण अर्ध्या तासाची. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०′ रेखांशावर बेतलेली आहे, १९०६पासून. सोलापूरची स्थानिक मध्यम वेळ तिच्या सुमारे २६ मिनिटे मागे असते. पण ते हिशेब यंत्र रेखांशावरून स्वतः करते. त्याला हवा असतो जागतिक वेळेशी असलेला फरक. सिनस्कॅनमध्ये तो +०५:३० असा तास-मिनिटांत भरता येतो. नेक्सस्टारच्या संगणक-जोडणीच्या मूळ नियमावलीत मात्र या फरकासाठी एकच बाइट राखलेला आहे, म्हणजे पूर्ण तासच चालतात. पाच लिहिले काय नि सहा लिहिले काय, अर्धा तास चुकणारच. अर्धा तास म्हणजे आकाशात साडेसात अंश, २ मी.च्या आसपास नाभीय अंतर असलेल्या दुर्बिणीत २५ मिमी नेत्रिकेला आकाशाचा जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशाचा तुकडा दिसतो, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाण कळेल.

ही चूक किती नडते, हे पद्धतीवर अवलंबून आहे. दोन्ही तारे निरीक्षकाने स्वतः नेत्रिकेत मध्यावर आणले असतील, तर वेळेची चूक रूपांतरात विरघळून जाते आणि ताऱ्यांच्या बाबतीत बहुधा कळतही नाही. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश सरकत असल्याने अर्ध्या तासाच्या चुकीला तो स्वतःच्या अर्ध्या व्यासाएवढा हुकतो. पण यंत्राला पहिला तारा देऊन दुसरा त्यालाच शोधायला लावला, की बिंग फुटते. यावर सुटसुटीत तोड म्हणजे फरक शून्य ठेवून जागतिक वेळच भरणे : सायंकाळी ७:४५ ऐवजी १४:१५. मात्र पहाटे साडेपाचपूर्वी तारीखही एक दिवस मागची द्यावी लागते. १२ जानेवारीच्या पहाटेचे तीन म्हणजे ११ जानेवारीचे २१:३०. झोपाळू डोळ्यांनी हे नेमके विसरले जाते.

ताऱ्यांची नावे : पडद्यावरची नावे बहुतांशी अरबी, ग्रीक वा लॅटिन उगमाची आहेत. सिरियस म्हणजे व्याध, कॅनोपस म्हणजे अगस्त्य, कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय, आर्क्टुरस म्हणजे स्वाती, अँटारेस म्हणजे ज्येष्ठा, फोमलहॉट म्हणजे मीनास्य. अल्डेबरन म्हणजे ‘मागून येणारा’, कृत्तिकांच्या मागून येणारा, आपली रोहिणी. व्हेगा आणि अल्टेर या दोहोंच्या अरबी नावांत गरुडच आहे, एक झेपावणारा आणि एक उडणारा. आपण त्यांना अभिजित व श्रवण म्हणतो. एवढी जुळणी पाठ असली की काम भागते. गुंता बेटलज्यूजचा आहे. मराठी ताराकोष्टकांत त्याला काक्षी म्हणतात, पण पुष्कळ जण त्यालाच आर्द्रा म्हणतात. सूर्यसिद्धान्तात आर्द्रेच्या योगताऱ्याचा (नक्षत्राची खूण म्हणून धरलेल्या ताऱ्याचा) शर (क्रांतिवृत्तापासूनचे कोनीय अंतर) ९° दक्षिण दिला आहे आणि या ताऱ्याचा शर १६° दक्षिण भरतो. सात अंशांचा हा फरक वेधाच्या चुकीत बसवणे अवघड आहे. त्यामुळे काही अभ्यासक योगतारा दुसरा, मंद तारा असावा असे मानतात. प्रस्तुत नोंदीत काक्षी हेच नाव ग्राह्य धरले आहे.

ताऱ्यांची निवड : सोलापूरच्या अक्षांशाची एक गंमत आहे. रोहिणीची क्रांती सुमारे १६·५° उत्तर आणि स्वातीची सुमारे १९° उत्तर. म्हणजे दोन्ही तारे याम्योत्तर (आकाशातील उत्तर-दक्षिण मध्यरेषा) ओलांडताना येथील खस्वस्तिकापासून (बरोबर माथ्यावरच्या बिंदूपासून) दीड अंशाच्या आत असतात, एक किंचित दक्षिणेला, दुसरा किंचित उत्तरेला. डोक्यावरचा ठळक, स्वच्छ तारा म्हणून नवशिका तोच निवडतो. दिगंश-उन्नतांश बैठकीला नेमका तोच नको असतो. माथ्यापासून सव्वा अंशावर दिगंश १०° चुकला तरी तारा आकाशात जेमतेम पाव अंश सरकतो, म्हणजे असा तारा दिगंशाबद्दल यंत्राला जवळपास काहीच शिकवत नाही. उलट तेथे तारा धरून ठेवायला आडवी मोटार मिनिटाला दहा-अकरा अंश पळवावी लागते. ध्रुवताराही कामाचा नाही : तो साडेसतरा अंशांवर, धुरळ्यात किंवा शेजारच्या टाकीआड. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री पावणेआठला व्याध आग्नेयेला सुमारे ४७° उंचीवर आणि ब्रह्महृदय उत्तरेला साधारण ६०° वर असतो. ही जोडी उत्तम. रोहिणीला त्या वेळी हात लावू नये.

नेक्सस्टारवर तारा शोधक दुर्बिणीत आला की ‘एंटर’, मग नेत्रिकेच्या मध्यावर आणून ‘अलाइन’, असा दोन टप्प्यांचा क्रम आहे. तारा मध्यावर आणताना शेवटची हालचाल वरच्या आणि उजव्या बाणानेच संपवावी. नाहीतर दात्यांच्या चाकांतील ढिलाई मोजणीत शिरते.

याद्या : बहुतेक यंत्रांत तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका यांच्या तयार याद्या असतात : मेसिएचे ११० पदार्थ, कॉल्डवेलचे १०९ आणि एनजीसीचे ७,८४०. काहींच्या जाहिरातीत एकूण ४० हजारांचा आकडा असतो. त्यातले बहुतांश शहरातल्या गच्चीवरून दिसणारे नाहीत. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते, त्या रात्री तर यादी आणखी आखडते. शहराबाहेर नान्नजकडील माळरानावर चित्र वेगळे असते. दक्षिणेकडील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार गुच्छ येथून क्षितिजावर सुमारे २५° चढतो. इंग्लंडमधून तो दिसतच नाही. ‘टूर’ या पर्यायात तो आपणहून आला नाही तर क्रमांकाने, एनजीसी ५१३९, बोलवावा.

सूर्य : सेलेस्ट्रॉनच्या मेनूत सूर्य मुद्दाम लपवलेला असतो, ‘युटिलिटीज’मध्ये जाऊन तो उघडावा लागतो. नळीच्या तोंडावर सौर फिल्टर बसवल्याशिवाय तो उघडू नये.

थांबवणे : ऑटोस्टारमध्ये ‘पार्क’, नेक्सस्टारमध्ये ‘हायबरनेट’. अशा रीतीने बंद केलेली दुर्बीण पुढच्या रात्री नवी वेळ दिली की ताऱ्यांवरची जुळणी (अलाइन) न करता चालू होते. अट एकच, मधल्या काळात तिपाई हलता कामा नये. एप्रिल-मेमध्ये येथील गच्चीवर दिवसा कुरडया वाळतात आणि रात्री अंथरुणे पडतात, त्यामुळे ही अट पाळली जाईलच असे नाही. फरशीवर तिपाईच्या तिन्ही पायांभोवती रंगाने खुणा करून ठेवल्या, तर निदान पाय हलले की नाहीत हे तरी कळते. हलले असतील तर जुळणी पुन्हा पहिल्यापासून.